चौकुळच्या सड्यावरून वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याकडे: परतीच्या दिवसांतले चतुर

पाऊस परतला की चतुर बघण्याचे दिवस संपले असं समजून बरेच जण दिवाळीच्या सुमारास दुर्बिणी आवरून ठेवतात. मात्र चतुरांबद्दल सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते याच पंधरा-वीस दिवसांत. कारण पाणी एकदम आटत नाही. आधी सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, डबकी जातात, मग लहान व्हाळ, मग भाताचे कुणगे. मोठे ओढे आणि तळी तेवढी टिकतात. जो चतुर ज्या पाण्यात वाढतो, त्याला त्या पाण्याचं वेळापत्रक पाळावंच लागतं. म्हणून यंदाची वाट पाण्याबरोबर खाली उतरणारी आखली: चौकुळ, आंबोली, सावंतवाडी आणि शेवटी वेंगुर्ल्याचा किनारा. ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचे पहिले दिवस.

सावंतवाडी-बेळगाव एसटी आंबोलीत थांबते. तिथून चौकुळला पहाटे पोहोचायचं तर गाडी आदल्या दिवशीच ठरवावी लागते. प्रवासाबद्दल इतकं पुरे.

सामानाचं मात्र नीट सांगायला हवं. पक्षी बघायच्या दुर्बिणी बहुधा तीन-चार मीटरच्या आतलं धूसर दाखवतात, आणि चतुर बसतो दीड मीटरवर. दुर्बीण दोन मीटर किंवा त्याहून जवळ फोकस होणारी हवी. पेंटॅक्सची पॅपिलिओ ६.५×२१ अर्ध्या मीटरवरही स्पष्ट दाखवते. कॅमेऱ्याला १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स किंवा जवळ फोकस होणारी ३०० मिमी लेन्स चालते. मॅक्रोने पहाटेचे, दवाने जड झालेले चतुर टिपावेत. दुपारी उड्या मारणाऱ्यांसाठी ३०० बरी. याशिवाय पेन्सिल, वही, काडेपेटीच्या आकाराच्या पाच-सहा रिकाम्या डब्या आणि कापूस. डब्या कशाला, ते पुढे येईल.

पहिला दिवस: चौकुळचा सडा

सहाला सड्यावर धुकं इतकं होतं की दहा पावलांपलीकडचं दिसेना. गवत पिवळं पडलेलं, सप्टेंबरातली फुलं संपलेली, आणि जांभ्याच्या खळग्यांत कुठे वीतभर तर कुठे चार बोटं पाणी. चतुर उडताना बघायचे असतील तर ही वेळ फुकट जाते. ऊन अंगावर आल्याशिवाय त्यांचे उडायचे स्नायू तापत नाहीत. पण बसलेले चतुर शोधायला याहून चांगली वेळ नाही.

शोधायची रीत सोपी आहे. गुडघ्याएवढ्या गवतात उकिडवं बसायचं, तोंड उजेडाकडे ठेवायचं आणि नजर गवताच्या शेंड्यांच्या जरा खाली न्यायची. दवाच्या थेंबांनी पंख जाळीसारखे चमकतात, आपण चालत राहिलो तर दिसत नाहीत. ग्राउंड स्किमर म्हणजे डिप्लॅकोडेस ट्रिव्हियालिस जमिनीलगत सापडतो. वाँडरिंग ग्लायडर, अर्थात पँटाला फ्लॅवेसेन्स, काटक्यांना उभा लोंबकळत रात्र काढतो. तो आडवा बसलेला जवळजवळ दिसतच नाही, ओळखायला एवढी खूणही पुरते.

एका काटकीवरचा पँटाला साडेसहापासून नजरेखाली होता. सात वाजून गेले तरी ढिम्म. धुक्यात ऊन झिरपलं तसे त्याने पुढचे पाय डोळ्यांवरून फिरवले, पापणी पुसावी तसे, आणि डोळ्यांवरचे थेंब घरंगळले. मग काही वेळ पुन्हा काही नाही. नंतर पंख जागच्या जागी थरथरायला लागले. उडायला नव्हे, छाती तापवायला. दवाचे थेंब बारीक फवाऱ्यासारखे उडाले. ही थरथर दोनदा थांबली, तिसऱ्यांदा थांबली नाही आणि काटकी रिकामी झाली. फोटो घ्यायचा तो डोळे पुसायच्या आधी. नंतर हालचाल एवढी असते की मॅक्रोने काही हाती लागत नाही.

आठनंतर डबकी. पँटालाची अळी पाण्यात ३८ ते ६५ दिवसांत वाढून निघते, म्हणूनच पावसाळी डबक्यात त्याचा संसार होतो. ज्या जातींच्या अळ्यांना बारमाही पाणी लागतं, त्या इथे अंडी घालून काय करणार? डबक्याच्या काठच्या गवतावर, पाण्यापासून वीतभर उंचीवर, अळीने टाकलेली कात चिकटलेली मिळते. रिकाम्या डब्या यासाठीच. नुसता चतुर उडताना दिसला तर तो कुठूनही आलेला असू शकतो. कात सापडली म्हणजे तो याच पाण्यात वाढला, हे नक्की. कात ओली असेल तर आधी सुकू द्यावी, नाहीतर बुरशी धरते. चिमट्याने ओढली तर पाय तुटतात, म्हणून गवताच्या पात्यासकट कापून घ्यावी. डबीत कापूस, आणि कागदावर पेन्सिलने तारीख, जागा, पाण्याचा प्रकार. शाई ओल्याने पसरते.

भिंगाखाली कातीचा खालचा ओठ बघावा. चमच्यासारखा खोलगट आणि तोंडावर मुखवट्यासारखा बसलेला असेल तर पँटाला-ऑर्थेट्रमच्या कुळातली. सपाट असेल तर गोम्फिड किंवा मोठ्या अॅश्निड चतुरांकडे वळायचं. गोम्फिडांच्या मिशा आखूड, चार भागांच्या, तिसरा भाग मोठा. एवढ्यावर निम्मी वाटणी होते.

ज्या डबक्यांत नुसता चिखल उरला होता, तिथे अळ्या सुकून मेल्या होत्या. पाऊस आठवडाभर आधी गेला की असं होतं.

कोरड्या कातळावर ग्रॅनाइट घोस्ट, म्हणजे ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा, दगडाला पोट चिकटवून बसतो. रंग दगडाचाच, राखाडी-काळा ठिपक्याठिपक्यांचा. तो दगडात शोधू नये, पंखांच्या टोकांशी शोधावा. तिथला छोटा ठिपका मधे काळा आणि दोन्ही कडांना पांढरा असतो, तो आधी डोळ्यांत भरतो. हा चतुर कोकणात सिमेंटच्या टाक्यांतही वाढतो, त्यामुळे घराच्या भिंतीवरही भेटतो.

एक सूचना मनावर घ्याच: सड्यावर दगड उलटू नका आणि दगडाखाली हात घालू नका. फुरशाची जागा तीच असते.

चौकुळ हे नाव चतुरवाल्यांना आता माहीत आहे. २०२२ साली वर्णन झालेल्या बर्मागोम्फस चौकुलेन्सिस या जातीच्या नावात हेच गाव आहे. आम्हाला ती दिसली नाही, दिसेल अशी आशाही नव्हती. दुपारी दोनला ढग आले आणि तासभर सपाटून पाऊस पडला. ज्या घरी आडोसा मिळाला, तिथे घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ समोर आली. घरातल्या आजींनी डबीतली कात उलटसुलट करून बघितली आणि "ह्यां चामडा कोणाचा?" असं विचारलं. चतुराचं म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

दुसरा दिवस: आंबोलीचे ओढे

आदल्या दिवशीच्या पावसाने ओढे गढूळ झाले असतील ही भीती खोटी ठरली, सकाळपर्यंत पाणी निवळलं होतं. हिरण्यकेशी नदीच्या उगमाकडे गर्दी असते. शिवाय शिस्टुरा हिरण्यकेशी या माशामुळे २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली आहे, तिथे पाण्यात पाय घालायचाच नाही. चतुरांसाठी तशी गरजही नाही. रस्त्यालगतचे, झाडीतून येऊन मधेच उन्हात उघडे पडणारे ओढे जास्त देतात. सावली आणि ऊन जिथे भेटतं तो वीस-तीस मीटरचा तुकडा निवडायचा आणि तिथेच बसायचं. ओढ्याच्या काठाने चालत राहणाऱ्याला पळणारे चतुर दिसतात. बसणाऱ्याला परत येणारे दिसतात.

सावलीत फांद्यांवर व्हेस्टॅलिस टाचण्या, म्हणजे चतुरांचे सडपातळ भाऊबंद, दाटीवाटीने बसल्या होत्या. अंगावर हिरवी धातूसारखी चमक, पाय लांब. पंखाची टोकं काळी असतील तर व्हेस्टॅलिस अपिकॅलिस, पंख पूर्ण काचेसारखे असतील तर ग्रॅसिलिस. या पाण्यापासून बऱ्याच आतही असतात, म्हणून ओढ्याकडे जातानाच वाटेतल्या झुडपांवर नजर हवी. फांदी बाजूला करायच्या आधी तिच्यावर काय आहे तेही बघावं. आंबोलीत ओढ्याकाठच्या फांदीवर चापडा हा विषारी साप तासन्‌तास निवांत बसलेला असतो.

दहाला ऊन पाण्यावर आलं आणि स्ट्रीम रूबीचे नर, म्हणजे हेलिओसिफा बायसिग्नाटा, दगडांवर उतरले. लहान, जाडसर, काळ्या-लाल अंगाची टाचणी. दोन नर समोरासमोर हवेत तरंगत एकमेकांना मागे रेटतात, स्पर्श मात्र होत नाही. भांडण कशाचं, ते बघायचं तर खाली पाण्यात अर्धवट बुडालेलं, कुजकं लाकूड शोधा. मादी त्यात अंडी घालते आणि नर त्या लाकडाची राखण करतात. ओढा "साफ" करण्याच्या नावाखाली पडलेली लाकडं काढली की ही टाचणी आधी जाते.

जरा खाली, पाणी जोरात खळाळतं तिथे स्ट्रीम ग्लोरी, न्यूरोबेसिस चायनेन्सिस. बसलेला नर काळपट दिसतो, कारण पंख मिटलेले असतात आणि मागच्या पंखांची झगझगीत हिरवी बाजू आत राहते. उडाला की ती उघडते. हा हिरवा रंग कोनावर अवलंबून असतो, म्हणून फोटोत बहुतेक वेळा काळाच येतो. ऊन आपल्या पाठीशी ठेवून, नर वरून दिसेल अशा काठावर उभं राहिलं तर जमतं. शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान. फोकस हाताने, ज्या दगडावर तो परत येतो त्याच्या जरा अलीकडे लावून ठेवावा. वीस फोटोंत एक लागला तरी पुरे.

ओढ्यावरून गस्त घालणारा मोठा चतुर अॅनाक्स इम्मॅक्युलिफ्रॉन्स. हा बसत नाही, आणि त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. एकदा गेला की घड्याळ लावा. तो तीच वाट धरून परत येतो, आणि तीन-चार फेऱ्यांत अंतर लक्षात येतं. तेवढा वेळ कॅमेरा खाली ठेवून हात मोकळे करता येतात.

हंगाम उतरणीला लागल्याच्या खुणा या ओढ्यावर सगळ्यात स्पष्ट होत्या. पंखांच्या कडा फाटलेल्या, खाचा पडलेल्या. निळ्या ऑर्थेट्रम नरांच्या पोटावर निळसर पावडर असते. मिलनाच्या वेळी मादी पायांनी तिथे पकडते आणि पावडर खरवडली जाते, म्हणून पोटाच्या मधोमध दोन्ही बाजूंना काळे ओरखडे दिसतात. ओरखडे आहेत म्हणजे नर जुना आहे, त्याचं मिलन झालं आहे. काहींच्या छातीखाली लाल मोहरीसारखे दाणे चिकटलेले असतात, ते पाण्यातल्या कोळ्यांची पिल्लं नव्हेत आणि अंडीही नव्हेत, पाण्यातल्या गोचीडवर्गी माइट आहेत. वहीत जातीपुढे "ताजा / जुना / फाटका" असा रकाना ठेवला तर महिनाभराच्या नोंदींतून हंगामाचा आलेख आपोआप निघतो. आकडे मोजून तो तितका नीट कळत नाही.

क्रिमसन मार्श ग्लायडर, ट्रायथेमिस ऑरोरा, मात्र ताजे टवटवीत होते, गुलाबी-जांभळे. बाराच्या उन्हात ते काटकीवर शेपूट थेट सूर्याकडे उभारून बसतात. (शेपूट म्हणतो खरं, पण ते पोट आहे.) अशा बसण्याने अंगावर पडणारं ऊन कमी होतं. ढग आला की पोट आडवं, ढग सरला की पुन्हा उभं. पाच मिनिटं बघितलं तर ढगांचीच नोंद होते.

तिसरा दिवस: सावंतवाडी

घाट उतरताच उकाडा अंगावर आला. आंबोलीच्या गार हवेतून आलेली लेन्स लगेच बाहेर काढली तर काचेवर धुकं धरतं आणि अर्धा तास जातो. पिशवी बंद ठेवून ती बाहेरच्या हवेइतकी होऊ द्यावी.

शेतांत कापणी चालू होती. बांधावर सकाळी आठला उभं राहिलं की वेगळं काही करावं लागत नाही. कापणारे पुढे सरकतात तसे किडे उठतात आणि पँटाला त्यांच्या मागोमाग, डोक्यावर हातभर उंचीवर घिरट्या घालतात. गुरांच्या मागेही हेच होतं. ग्रीन मार्श हॉक, ऑर्थेट्रम सॅबिना, मात्र असा उडत बसत नाही. तो काडीवर दबा धरतो आणि त्याला दुसरे चतुरही चालतात. कापलेल्या पेंढीवर बसून त्याने एक ग्राउंड स्किमर डोक्याकडून खाल्ला, आणि शेजारी विळा चालू असताना जागचा हलला नाही.

कुणग्यात अजून बोटभर पाणी होतं तिथे पाइड पॅडी स्किमर, म्हणजे न्यूरोथेमिस टुलिया, आणि अॅग्रिओक्नेमिस पिग्मिया. ही दुसरी टाचणी इतकी लहान की गवताचं कुसळ हललं असं वाटतं. तिच्यासाठी बांधावर पोटावर झोपावं लागतं. बांध मऊ झालेला असतो आणि त्यावर पाय दिला तर खचतो. पुढच्या पावसात तो शेतकऱ्याला पुन्हा घालावा लागतो. विचारल्याशिवाय चढू नये.

पाणी धरून असलेल्या गवताळ कोपऱ्यांत पिवळ्या सेरियाग्रिऑन टाचण्या असतात. बहुतेक कोरोमँडेलियानम. पण याच जिल्ह्यातून २०१९ साली सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही नवी जात नोंदली गेली आहे, तेव्हा पिवळी दिसली की लगेच नाव लिहू नये. प्रत्येक टाचणीचे तीन फोटो हवेत: बाजूने छाती, वरून सगळं अंग, आणि पोटाच्या टोकाचे चिमटे अगदी जवळून. तिसरा फोटो नसेल तर तज्ज्ञही "सेरियाग्रिऑन" एवढंच लिहून परत पाठवतील, आणि त्यांचं बरोबरच असतं.

वाळत चाललेल्या झुडपांत अर्धे पंख उघडे ठेवून बसलेली तपकिरी टाचणी दिसली तर ती लेस्टिस. टाचणी पंख मिटते आणि चतुर पसरतो, हा शाळेतला नियम ती मोडते. पाणी आटल्यावर ती मरत नाही आणि निघूनही जात नाही. असाच फिका रंग घेऊन झाडीत उन्हाळा काढते आणि पहिल्या पावसाला रंगते. आम्हाला दोनच मिळाल्या, त्याही आंब्याच्या सावलीत, पाण्यापासून लांब.

दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि सुकट, मग चारनंतर मोती तलाव. गावातलं तळं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. काठाच्या काडीवर पाण्याकडे तोंड करून कॉमन क्लबटेल, इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स, बसतो. उठवला तरी त्याच काडीवर परत. गवतात डिच ज्वेल, ब्रॅकिथेमिस कॉन्टॅमिनाटा, नारिंगी पंखांचे, पावलागणिक उठणारे. हा घाण पाणीही सोसतो. काठावर तो एकटाच दिसला आणि बाकी जाती नसल्या, तर पाण्याची तब्येत कळते. इथे बाकीचेही होते.

सूर्य बुडाल्यावर लोक निघून जातात, आणि नेमका तेव्हा थोलायमिस टिलार्गा बाहेर पडतो. मागच्या पंखावरचा पांढरा डाग अंधारात उघडझाप केल्यासारखा दिसतो, अंग दिसतच नाही. कॅमेरा विसरा, दुर्बीणही विसरा. उजेड असलेल्या पश्चिमेकडे तोंड करून पाण्यालगत वाकायचं, तो आकाशाच्या उजेडासमोरून जातो.

चौथा दिवस: वेंगुर्ला

आता उरले पँटाला. त्यांची डबकी तर गेली. सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलेली गोष्ट चतुरवाल्यांना पाठ असते. मालदीवमध्ये ऑक्टोबरपासून पँटालांचे थवे उतरतात, नोव्हेंबर-डिसेंबरात सगळ्यात जास्त. त्या बेटांवर उघडं गोडं पाणी जवळजवळ नाही, म्हणजे ते तिथले नव्हेत. ते भारताकडून ईशान्येच्या वाऱ्यावर, बरेच उंचावरून, पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात. किनाऱ्यावरून आपल्याला यातलं किती दिसणार?

थोडंच, आणि तेही नीट बघितलं तर. सुरूच्या बनामागे, वारा अडतो तिथे शेकडो पँटाला घिरट्या घालत असतात. तो थवा पाहून "स्थलांतर" लिहिण्याची चूक सगळेच करतात. ते जेवण असतं. जेवणारे मागे-पुढे, वर-खाली फिरतात. निघालेले सगळे एकाच दिशेने, न रेंगाळता, सरळ जातात. फरक कळायला मोजावं लागतं: दोन माडांमधली एक रेषा ठरवायची, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं ती ओलांडणारे मोजायचे, समुद्राकडे जाणारे आणि परत येणारे वेगळे लिहायचे, सोबत वाऱ्याची दिशा. मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा हवा, वहीकडे बघताना चार निसटतात.

सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. जाळी सुकत घालणाऱ्या एका काकांनी मोजणी बघून विचारपूस केली आणि म्हणाले, "वारो फिरलो काय ह्ये दिसतत." त्यांना मालदीवचं सांगितल्यावर त्यांनी पाण्याकडे बघून मान हलवली. होडी किनाऱ्यापासून आत असतानाही हे चतुर वरून जाताना दिसतात, असं त्यांनी सांगितलं.

तारेवर वेडे राघू ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या चोचीत पँटाला, तारेवर आपटून पंख झटकलेला. तारेखाली ते पंख गोळा करता येतात. पंखाच्या बुडाची रुंदी बघायला याहून सोपा मार्ग नाही: मागच्या पंखाचं बूड इतकं रुंद असतं की तो न फडफडता तरंगू शकतो.

परत आलो तर गाडीच्या टपावर एक जोडी. नर पुढे, मादी मागे, आणि मादी पत्र्यावर पोटाचं टोक टेकवत अंडी घालत होती. पाण्यावरून परतणारा उजेड एका पातळीत बांधल्यासारखा असतो. गुळगुळीत रंगवलेला पत्राही तसाच उजेड परतवतो, आणि चतुरांचे डोळे फसतात. गाडी सावलीत लावावी किंवा टपावर चादर टाकावी. त्यांना हाकलून उपयोग नाही, दोन मिनिटांत परत येतात.

साडेनऊच्या मोजणीत समुद्राकडे जाणारे जास्त, दहाच्या मोजणीतही. अकराला खारा वारा सुटला आणि रेषा ओलांडणारं कुणी राहिलं नाही. सगळे सुरूच्या मागे जेवायला. मोजणी तिथेच थांबवली आणि बांगड्याच्या ताटावर बसलो. सोलकढीचा दुसरा पेला होईपर्यंत खानावळीच्या अंगणात तुळशीच्या काटकीला एक पँटाला येऊन उभा लोंबकळला होता.